हवेचा काटा : छोट्या यंत्रांनी धूर कसा मोजतात आणि तो आपण का मोजायचा

(समुदाय रेडिओवरून प्रसारित झालेलं बोलणं. घोडेगाव, ता. नेवासे, जि. अहिल्यानगर)

 

मागच्या महिन्यात ग्रामसंघाच्या बैठकीत एक प्रश्न निघाला. हवा मोजायचं छोटं यंत्र आता काही हजार रुपयांत मिळतं, तर गटाच्या पैशातून ते घ्यावं का? निम्म्या जणी म्हणाल्या घ्यावं. निम्म्या म्हणाल्या, धूर डोळ्यांना दिसतो, खोकला कानांना ऐकू येतो, मग यंत्र आणखी काय सांगणार? दोन्ही बाजूंचं बोलणं रास्त होतं. म्हणून ठरलं की आधी हे यंत्र काय आहे ते नीट समजून घ्यायचं आणि मग पैशाचं बोलायचं. आम्ही जे समजून घेतलं तेच आज तुम्हाला सांगतो आहोत.

आधी धुराबद्दल बोलू. धूर म्हणजे वायू आणि बारीक कण यांचं मिश्रण. त्यातले मोठे कण नाकातल्या केसांत आणि घशात अडकतात, शिंकेतून आणि थुंकीतून बाहेर पडतात. शुक्रवारी जनावरांच्या बाजारात जी धूळ उडते, तिच्यातला बराच भाग असा जाड असतो. पण चुलीच्या, कचऱ्याच्या, डिझेलच्या धुरातले कण फारच बारीक असतात. शास्त्रज्ञ त्यांना 'पीएम २.५' म्हणतात. म्हणजे अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आपला डोक्यावरचा केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे असे जवळजवळ तीस कण शेजारी शेजारी ठेवले तर एका केसाची जाडी भरेल. इतके बारीक कण नाकात थांबत नाहीत. ते फुप्फुसाच्या अगदी तळापर्यंत जातात आणि त्यातले काही रक्तातही उतरतात. म्हणूनच नुकसान खोकल्यापुरतं राहत नाही. दम्यासारखा जुनाट श्वासविकार, हृदयविकार, पक्षाघात, फुप्फुसाचा कर्करोग आणि लहान मुलांचा न्यूमोनिया या सगळ्यांत या धुराचा हात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने २०२० या एका वर्षात घरातल्या धुरामुळे जगभरात सुमारे ३२ लाख माणसं वेळेआधी गेली.

आता प्रश्न येतो की हवेतला हा कण मोजायचा कसा.

जुनी आणि खात्रीची रीत तोलण्याची आहे. एक कोरा गाळणकागद आधी फार नाजूक काट्यावर तोलायचा. मग पंपाने ठरावीक हवा त्यातून २४ तास ओढायची. कागद काळपट होतो. तो पुन्हा तोलायचा. वजनात जो फरक पडेल तितके कण त्या हवेत होते. सरकारी स्वयंचलित केंद्रांमध्ये हेच काम मोठी यंत्रं दर तासाला करतात. त्यांचा आकडा पक्का असतो, पण असं एक केंद्र उभं करायला कोटीच्या घरात खर्च येतो. शिवाय वीज, वातानुकूलित खोली आणि जाणकार माणूस लागतो. म्हणून ही केंद्रं मुख्यतः शहरांत आहेत. केंद्र सरकारने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, तोही शहरांसाठीच. पुणे आणि मुंबईसाठी पुण्याच्या हवामान संस्थेची 'सफर' ही सेवा आहे, ती रोजची हवा आणि पुढच्या दिवसांचा अंदाज सांगते. 'समीर' नावाच्या सरकारी अ‍ॅपवर देशभरातल्या केंद्रांचे आकडे दिसतात. पण आपल्या चुलीपुढची हवा त्यातल्या कुठल्याच केंद्रात मोजली जात नाही.

दुसरी रीत स्वस्तातली. तळहाताएवढ्या डबीत एक छोटा पंखा असतो, तो हवा आत ओढतो. आत लेझर म्हणजे एक बारीक प्रकाशकिरण असतो. दुपारी कौलाच्या फटीतून उन्हाची तिरीप घरात येते, तेव्हा तिच्यात धूळ नाचताना दिसते. एरवी ती दिसत नाही. यंत्रात तसंच होतं. कण किरणातून गेला की प्रकाश विखुरतो, समोरचा प्रकाश ओळखणारा डोळा तो चमकारा पकडतो, आणि किती चमकारे आले, किती मोठे आले, यावरून यंत्र हिशेब करून आकडा दाखवतं. म्हणजे हे यंत्र कण तोलत नाही, चमकाऱ्यांवरून वजनाचा अंदाज बांधतं. स्वस्तपणाचं कारण हेच आणि त्याच्या मर्यादांचं कारणही हेच.

हे काट्याच्या उदाहरणावरून चटकन कळेल. आपण कांदा मार्केटला नेतो तेव्हा वजन कोणत्या काट्यावर होतं? वैधमापन विभागाचा शिक्का असलेल्या काट्यावर. घरच्या ताणकाट्यावर आपण पिशवी तोलून पाहतो, त्यावरून अंदाज येतो, पण त्या वजनावर पट्टी बनत नाही. मात्र एक दिवस घरचा काटा मार्केटच्या काट्याशेजारी ठेवून तीच गोणी दोन्हीवर तोलली, आणि घरचा काटा किलोमागे किती कमी-जास्त दाखवतो ते लिहून ठेवलं, तर घरचा काटाही बराच कामाचा होतो. हवेच्या छोट्या यंत्रांचं तसंच आहे. मोठ्या यंत्राशेजारी ठेवून त्याची चूक शोधायची आणि मग ती चूक वजा करून आकडा वाचायचा.

हे काम आपल्याच महाराष्ट्रात झालेलं आहे. नोव्हेंबर २०२० ते मे २०२१ या काळात महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि आयआयटी कानपूर यांनी मुंबई महानगर प्रदेशात मोठी चाचणी घेतली. चार देशी कंपन्यांची ४० छोटी यंत्रं मंडळाच्या १५ मोठ्या केंद्रांशेजारी ठेवली. तीच हवा, तीच वेळ, दोन्ही आकडे समोरासमोर. दुरुस्ती केल्यावर छोट्या यंत्रांचे आकडे मोठ्या यंत्रांशी ८५ टक्क्यांच्या पुढे जुळले, असं त्या चाचणीतून सांगण्यात आलं. त्यातून दोन गोष्टी कळल्या. एक, देशी छोटी यंत्रं कामाची आहेत. दोन, ती दुरुस्तीशिवाय वापरायची नाहीत.

दुसरं उदाहरण आपल्यासाठी अधिक जवळचं आहे, कारण ते गावांचं आहे. उत्तर प्रदेश आणि बिहारमध्ये आयआयटी कानपूरच्या 'अमृत' या प्रकल्पात सुमारे १,४०० छोटी यंत्रं ग्रामीण भागात बसवण्यात आली. एका तालुक्याएवढ्या विकासगटाला एक, असा तो हिशेब. शहराबाहेरची हवा स्वच्छच असणार, हे आपण सगळे धरूनच चालतो. मोजल्याशिवाय ते खरं की खोटं कसं कळणार?

एक यंत्र आणि यंत्रांचं जाळं यात काय फरक आहे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. पावसाचं उदाहरण घ्या. आपल्या राज्यात 'महावेध' प्रकल्पात दोन हजारांहून जास्त महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रं बसली. पीक विम्याच्या वेळी त्यांचे आकडे बघतात. आणि आपलं गाऱ्हाणं काय असतं? 'मंडळाच्या केंद्रावर पाऊस पडला, आमच्या वस्तीवर थेंब नाही.' एका जागचा आकडा सगळ्या शिवाराला लागू होत नाही. हवेचंही तसंच. महामार्गाकडेची हवा वेगळी, उसातल्या वस्तीवरची वेगळी, शाळेच्या मैदानातली वेगळी आणि चूल पेटलेल्या घरातली अगदीच वेगळी. म्हणून एकच महागडं यंत्र एका जागी ठेवण्यापेक्षा पाच-सहा स्वस्त यंत्रं वेगवेगळ्या जागी ठेवली तर काही गोष्टी अधिक चांगल्या कळतात. धूर कुठून येतो, किती वाजता वाढतो, वारा कुठून असला की कोणत्या वस्तीवर जातो, हे जाळ्यातून उलगडतं. एका यंत्रावरून ते कळत नाही.

आपल्या भागात धूर कुठून कुठून येतो, याची यादी आम्ही बैठकीत केली. नगर–संभाजीनगर रस्त्यावरची वाहनं आणि शिंगणापूरकडे वळणाऱ्या गाड्यांची गर्दी. ऊसतोडीनंतर पेटवलेलं पाचट. गावाबाहेर आणि कधी गल्लीतही पेटवलेला कचरा. वीटभट्ट्या. सकाळी घरोघरी पेटणारे आंघोळीच्या पाण्याचे बंब. आणि सगळ्यात जवळची म्हणजे आपली चूल. यादी करताना लक्षात आलं की बाहेरच्या धुराबद्दल सगळे बोलतात, पण चुलीच्या धुराला कोणी धूर म्हणतच नाही. त्याला सैपाक म्हणतात.

चुलीचा धूर मोजायला हवा, हे ज्यांनी सगळ्यांत आधी जगाला दाखवलं त्यांची गोष्ट ऐका. कर्क स्मिथ नावाचे अमेरिकन संशोधक १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला गुजरातमधल्या चार गावांत गेले. त्या वेळी हवा मोजणारे लोक रस्त्यावर आणि कारखान्याजवळ यंत्र ठेवत. स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सैपाक करणाऱ्या बायकांच्या अंगावरच छोटा पंप आणि गाळणकागद बांधला. बाई जिथे श्वास घेते तिथलीच हवा मोजली. आकडे असे निघाले की मोठमोठ्या शहरांच्या रस्त्यावरचे आकडे त्यापुढे फिके पडले. त्याआधी धूर नव्हता असं नाही. तो कागदावर नव्हता, इतकंच. यंत्र कुठे ठेवायचं हे जो ठरवतो, तो कोणाचा श्वास मोजायचा हेही ठरवतो. मैत्रिणींनो, एवढी एक गोष्ट आजच्या बोलण्यातून ध्यानात ठेवा.

आता आकडा वाचायचा कसा ते बघू. यंत्रावर पीएम २.५ चा आकडा एका घनमीटर हवेत किती मायक्रोग्रॅम कण आहेत हे सांगतो. आपल्या देशाचं २००९ पासूनचं मानक असं आहे : २४ तासांची सरासरी ६० च्या वर नको आणि वर्षाची सरासरी ४० च्या वर नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याहून कडक मर्यादा सुचवल्या : २४ तासांना १५ आणि वर्षाला ५. काही यंत्रं मात्र 'हवा निर्देशांक' दाखवतात, तो वेगळा. तो ० पासून ५०० पर्यंत असतो. ५० पर्यंत चांगली, १०० पर्यंत समाधानकारक, २०० पर्यंत मध्यम, ३०० पर्यंत वाईट, ४०० पर्यंत फार वाईट आणि त्यापुढे गंभीर. म्हणून यंत्र हातात आलं की पहिला प्रश्न विचारायचा, हा आकडा मायक्रोग्रॅमचा की निर्देशांकाचा? दोन्हींची सरमिसळ केली की वाद होतात आणि सगळा हिशेब फसतो.

सरासरीचाही हिशेब समजून घ्या. हा आमचा नुसता समजण्यासाठी केलेला हिशेब आहे, कोणाच्या घरचं मोजमाप नाही. समजा, एका घरात दिवसातले दोन तास चूल पेटलेली असताना हवा ६०० आहे आणि बाकी २२ तास ३० आहे. दोन तासांचे १,२००, बावीस तासांचे ६६०, मिळून १,८६०. त्याला २४ ने भागलं की ७७ च्या वर येतं. म्हणजे बाकीचा सगळा दिवस स्वच्छ असूनही दोन तासांच्या धुराने त्या घराला ६० च्या रेषेपलीकडे नेलं. आता समजा धुराडं बसवलं, सरपण कोरडं वापरलं आणि ते ६०० चे २०० झाले. मग ४०० आणि ६६० मिळून १,०६०, भागिले २४, सरासरी ४४. रेषेच्या आत आलो. दिवसाचे २४ तास बदलायची गरज पडली नाही, दोनच तास बदलले. कोणते दोन तास, हे कळायलाच मोजमाप लागतं.

या यंत्रांच्या मर्यादाही स्वच्छ सांगायला हव्यात, नाहीतर उद्या कोणी ग्रामसभेत आपलाच आकडा आपल्यावर उलटवेल.

पहिली मर्यादा दमट हवेची. दव, धुकं, पावसाळी हवा असली की कणांना पाणी चिकटतं, ते फुगतात आणि जास्त चमकतात. यंत्र खऱ्यापेक्षा मोठा आकडा दाखवतं. म्हणून धुक्याच्या पहाटेचा आकडा एकट्याने घेऊन भांडायला जायचं नाही.

दुसरी जाड धुळीची. बाजारातली, रस्त्यावरची जाड धूळ ही यंत्रं नीट पकडत नाहीत, कमी दाखवतात. धूर मोजायला ती बरी, धूळ मोजायला कच्ची.

तिसरी वायूंची. नुसतं कण मोजणारं यंत्र कार्बन मोनॉक्साइड मोजत नाही. हा वायू दिसत नाही, वासही येत नाही आणि जीव घेतो. थंडीत बंद खोलीत कोळशाची शेगडी किंवा निखाऱ्याचं घमेलं ठेवून कधीही झोपू नका. निखाऱ्याला धूर कमी असतो, म्हणून यंत्रावर आकडाही कमी दिसेल. पण तो भरवसा खोटा आहे. बाळंतिणीच्या खोलीत शेक देतानाही दार-खिडकी उघडी हवी आणि शेक झाला की शेगडी बाहेर काढायला हवी.

चौथी, यंत्र धुराचं नाव सांगत नाही. फोडणीचा धूर, उदबत्तीचा धूर आणि प्लास्टिकचा धूर, तिघांनाही ते कणच म्हणतं. प्लास्टिकच्या धुरात विषारी वायूही असतात, ते या आकड्यात येत नाहीत.

पाचवी, यंत्र जुनं होतं. आतल्या डोळ्यावर धूळ बसते आणि आकडा हळूहळू सरकतो. वर्षातून निदान एकदा चांगल्या यंत्राशेजारी ठेवून ते तपासून घ्यावं लागतं.

आणि शेवटची. अशा यंत्राच्या आकड्यावर कोणाला दंड होत नाही. तो शिक्क्याच्या काट्याचा आकडा नाही. पण 'इथे शिक्क्याचा काटा आणा' अशी मागणी करायला तो पुरेसा आहे.

मग मोजायचं कसं? आम्ही जी पद्धत ठरवली आहे ती सांगतो. वही-पेन काढलं तर बरं.

यंत्र आणलं की आधी दोन यंत्रं एक दिवस शेजारी शेजारी ठेवायची. दोन्ही जवळपास सारखं दाखवतात का बघायचं. मग चूल पेटवायच्या आधी अंगणातला आकडा लिहायचा, तो आपला पाया. नंतर घरात यंत्र चुलीच्या अगदी वर किंवा वाफेत ठेवायचं नाही. बसून सैपाक करणारी बाई जिथे श्वास घेते त्या उंचीला, चुलीपासून हातभर लांब ठेवायचं. घरात तान्हं बाळ असेल तर झोळी किंवा पाळणा जिथे असतो तिथलाही आकडा घ्यायचा. दर पंधरा मिनिटांनी नोंद करायची. वहीत रकाने असे : तारीख, वेळ, जागा, आकडा, त्या वेळी काय चाललं होतं, वारा कुठून होता, दव किंवा पाऊस होता का. शेवटचे तीन रकाने सगळ्यात महत्त्वाचे, कारण नुसत्या आकड्याचा अर्थ लागत नाही. एक आठवडा काही न बदलता मोजायचं. मग एकच बदल करायचा आणि पुढचा आठवडा मोजायचं. दोन बदल एकदम केले तर कोणत्या बदलाने फरक पडला ते कळणार नाही.

बदल कोणते करायचे? यातले बरेचसे फुकटातले आहेत. सरपण वाळवून आणि बारीक फोडून वापरायचं. ओल्या बाभळीपेक्षा वाळलेल्या तुराट्या-पऱ्हाट्या कमी धूर करतात. चूल पेटवायला प्लास्टिकची पिशवी किंवा जुनी चप्पल वापरायची नाही, त्याऐवजी वाळलं पाचट किंवा चिपाड घ्यायचं. डाळ, कडधान्य भिजवून शिजवलं आणि भांड्यावर झाकण ठेवलं तर जाळ कमी लागतो. चूल भिंतीशी असेल तर समोरासमोर दोन झरोके हवेत. जमेल तिथे चूल पडवीत किंवा अंगणातल्या छपरात न्यायची. बंब खिडकीखाली पेटवायचा नाही. फुंकणीने फुंकताना कडेवर मूल नको. आणि पदर नाकाला लावला की धूर अडतो हा समज सोडून द्या. पदराच्या विणीतून हे कण सहज जातात.

धुराड्याच्या चुलीसाठी आपल्या राज्यात फार जुनं काम झालेलं आहे. आरती ही संस्था १९९६ पासून सुधारित चुली आणि ग्रामीण इंधनावर काम करत आली आहे. चुलीचा आकार, हवेची वाट, जाळाची जागा यांवर किती बारीक विचार लागतो हे अशा कामातून कळतं. नुसती पन्हाळीची नळी भिंतीतून बाहेर काढली म्हणजे निर्धूर चूल झाली असं नाही. तीत काजळी साचली, नळी तुंबली, की धूर पुन्हा घरातच फिरतो. महिन्यातून एकदा ती साफ करावी लागते.

गॅसचंही बोलायला हवं. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली आणि आपल्यातल्या पुष्कळ जणींच्या घरी शेगडी आली. तरी चूल विझली नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. टाकी भरायला पैसे लागतात आणि सरपण बांधावर मिळतं. बाजरीची भाकरी चुलीवरच फुगते, हेही घरातले बोलून दाखवतात. यात बाईचा दोष नाही, हिशेब घरातल्या पैशाचा आहे. पण एवढं तरी करता येतं. पहाटेचा चहा, बाळाचं दूध, तापाच्या माणसाची पेज ही छोटी कामं गॅसवर घ्यायची, म्हणजे दार बंद असलेल्या थंडीच्या पहाटे घरात धूर होत नाही. गटाच्या अंतर्गत कर्जातून टाकी भरायला पैसे दिले तर ते उधळपट्टीत धरायचे नाहीत, ते आरोग्याच्या खर्चात धरायचे.

चुलीखेरीज घरात आणखी एक लपलेला धूर आहे, तो म्हणजे डासांची कॉइल. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं की एक कॉइल जळताना निघणारे बारीक कण ७५ ते १३७ सिगारेटींइतके असू शकतात. आपण दार लावून, मुलांच्या उशाशी ती पेटवतो. मच्छरदाणी त्याहून बरी आणि वर्षानुवर्षं टिकते. तसंच दिवाळीचं. २०१६ मध्ये पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने विद्यार्थ्यांबरोबर फटाक्यांचा धूर मोजला. सगळ्यात जास्त बारीक कण कशातून निघाले? नागगोळीतून. आवाज नाही, ठिणगी नाही, म्हणून आपण ती सगळ्यात लहान पोराच्या हातात देतो आणि ते वाकून तिचा नाग बघत बसतं. डोळ्यांना साधं दिसणारं यंत्राला साधं दिसत नाही. 'यंत्र आणखी काय सांगणार' या प्रश्नाचं आमच्या मते हे उत्तर आहे.

आता गावाच्या कामाचं. पाचट पेटवण्याऐवजी त्याची कुट्टी करून सरीत आच्छादन केलं तर ओल टिकते आणि जमिनीला खत मिळतं, हे कृषी विभाग कधीपासून सांगतो आहे. पण कुट्टीचं यंत्र वेळेवर मिळत नाही, म्हणून माणूस काडी लावतो. तेव्हा त्याच्याशी भांडत बसण्यापेक्षा कुट्टीयंत्र भाड्याने मिळायची सोय व्हावी, हे मागायला हवं. कचऱ्याचं तसंच. अंगणवाडीजवळ कचरा पेटतो तेव्हा अंगणवाडीच्या दारात काय आकडा येतो आणि पेटत नाही तेव्हा काय येतो, असे दहा दिवसांचे दोन रकाने ग्रामसभेत वाचले तर त्यावर बोलणं टाळता येत नाही. महाराष्ट्र शासनाचं 'माझी वसुंधरा' अभियान २ ऑक्टोबर २०२० पासून चालू आहे. त्यात ग्रामपंचायतींचं काम भूमी, जल, वायू, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर मोजतात. झाडं आणि पाणी यांवर गावोगाव बोलणं होतं, वायूचं नाव फार कमी निघतं. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यातही 'स्वच्छ आणि हरित गाव' हा विषय आहे. तिथे हवेच्या मोजमापाची मागणी बसते. ती आधी महिला ग्रामसभेत ठरावाने घ्यायची आणि मग मोठ्या ग्रामसभेत न्यायची.

मग ग्रामसंघाने काय ठरवलं? प्रत्येक गटाने यंत्र घ्यायचं नाही, त्यात पैसा अडकतो. ग्रामसंघाच्या नावावर दोनच यंत्रं घ्यायची आणि ती पाळीपाळीने गटांकडे फिरवायची, जशी सतरंज्या आणि मोठी पातेली फिरतात. नोंदवही यंत्राबरोबर फिरेल. ज्यांच्या घरी मोजलं त्यांचं नाव चारचौघांत वाचायचं नाही, कारण कोणाच्या घरी धूर जास्त यावरून सुनेला बोल लागायला नको. आकडा घराचा आहे, बाईच्या हुशारीचा नाही. आणि सगळ्यात आधी गरोदर बायका, तान्ही बाळं आणि दम लागणारी म्हातारी माणसं असलेली घरं घ्यायची.

यंत्र यायला अजून महिना आहे. तोवर एक काम आजपासून करता येईल, त्याला पैसा लागत नाही. आपल्या घरी चूल आणि बंब मिळून दिवसाला किती वेळ पेटलेले असतात आणि त्या वेळी त्या खोलीत कोण कोण असतं, हे आठ दिवस वहीत लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी शाळेतल्या मुला-मुलीला लिहायला सांगा. पुढच्या मासिक बैठकीला ती वही घेऊन या. यंत्र कोणाच्या घरी आधी जाईल, हे त्या वह्यांवरून ठरेल.

काही विचारायचं असेल तर आपल्या गटाच्या सीआरपी ताईंकडे प्रश्न लिहून द्या. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं देऊ.